चारशे अकरा आनंदी आणि एक राजसी

बदलापूरच्या कडेला, खरवईतल्या एका विद्यालयात आरोग्य कक्ष सुरू झाला आणि तो मीनल मॅडमच्या गळ्यात पडला. त्या विज्ञान शिकवत आणि कधीकाळी त्यांनी प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं शिबिर केलं होतं, एवढी पात्रता पुरेशी ठरली. खेळाच्या साहित्याच्या खोलीतून लेझीम बाहेर गेली, वजनकाटा आत आला आणि भिंतीवर 'मन मोकळं करा' असा फलक लागला. डंबेल्स तेवढे तिथेच राहिले, कारण ते उचलायला शिपाई तयार नव्हता.

लगोलग परिपत्रक आलं. आठवी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची नैराश्य तपासणी सात दिवसांत पूर्ण करून माहिती पोर्टलवर भरावी. प्रश्न दहा. झोप उडते का, सगळ्याचा कंटाळा येतो का, आपण नसलो तरी कुणाला फरक पडणार नाही असं वाटतं का, वगैरे. प्रत्येक तक्रार किती वेळा, त्यासाठी पुढे चार चौकोन: कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, रोज.

मीनल मॅडमनी बारा वर्षांत जंताच्या गोळ्यांपासून आधार जोडणीपर्यंत सगळ्या प्रकारचे फॉर्म भरून घेतले होते. पोरं खाडाखोड करतात, पोर्टल फॉर्म नाकारतं आणि आपला रविवार जातो, हे त्यांना पाठ होतं. म्हणून शिरस्त्याप्रमाणे त्यांनी वर्गावर्गात जाऊन फळ्यावर भरलेला नमुना काढून दिला. दहाही तक्रारींपुढे 'कधीच नाही'. मागच्या बाकावरच्या जितेशने हात वर केला. "मॅडम, मेरेको नींदच नहीं आती. तर मी काय लिहू?"

"फळ्याकडे बघ," मॅडम म्हणाल्या. जितेश फळ्याकडे बघून बरा झाला.

अशी चारशे अकरा मुलं दोन दिवसांत आनंदी निघाली. राहिली नववी ब मधली राजसी. नमुना काढला त्या दिवशी ती गैरहजर होती. दुसऱ्या दिवशी आरोग्य कक्षात डंबेल्सशेजारी बसून तिने एकटीने फॉर्म भरला. त्या खोलीत फळा नव्हता. तिने वीस मिनिटं लावली आणि दहापैकी नऊ ठिकाणी 'रोज' लिहिलं.

मीनल मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. पोरगी शांत होती, आणि शाळेत शांत म्हणजे गुणी. "राजसी, हे सगळं खरं आहे?"

"हो मॅडम. भिंतीवर लिहिलंय ना, मन मोकळं करा. म्हणून केलं."

मॅडम तडक मुख्याध्यापक हेमचंद्र सरांकडे गेल्या. "सर, हिला डॉक्टरांकडे न्यायला हवं. आजच."

सरांनी फॉर्म वाचला नाही, नुसता पाहिला. "मॅडम, पोर्टलवर एक जरी केस टाकली, की प्रपत्र ब उघडतं. त्यात समुपदेशकाचं नाव आणि उपचार सुरू केल्याची तारीख लागते. आपल्याकडे समुपदेशकाचं पद मंजूर आहे, माणूस मंजूर नाही. नाव टाकल्याशिवाय फॉर्म सबमिट होत नाही. म्हणजे एका मुलीपायी चारशे अकरा मुलांचा आनंद पेंडिंग राहणार."

"पण सर, ती आजारी असेल तर?"

"ज्या आजाराचा डॉक्टर शाळेत नाही, तो आजार शाळेत कसा असेल?"

शिवाय तालुक्यातली पहिली नैराश्यमुक्त शाळा जाहीर व्हायची होती. गावं तंटामुक्त झाली, परीक्षा कॉपीमुक्त झाल्या, आता मनांचीच पाळी होती.

पालकांना बोलावणं गेलं. राजसीचे वडील उन्मेष अर्धी रजा टाकून आले. "मॅडम, खास हिच्यासाठी टूबीएचके घेतलाय. सेपरेट रूम, वायफाय, टॅब. आमच्या वेळी काय होतं? आणि डिप्रेशन यायला हिला टाइम तरी कुठे मिळतो?" पुराव्यादाखल त्यांनी मोबाइलवर मुलीचं वेळापत्रक दाखवलं. सकाळी साडेपाच ते रात्री साडेनऊपर्यंत त्यात दुःखाला खरोखरच जागा नव्हती.

तेव्हा राजसी नापास झाली आहे, असा सर्वानुमते निष्कर्ष निघाला. नापासावर शाळेकडे एकच औषध असतं: जादा तास आणि फेरपरीक्षा. जादा तास मीनल मॅडमनीच घेतले. तीन दिवसांनी नवा कोरा फॉर्म समोर आला तेव्हा राजसीने पेनाचं टोपण काढून विचारलं, "मॅडम, खरं लिहू की बरोबर लिहू?"

मॅडमना भडभडून आलं. तिला जवळ घ्यावं आणि तो फॉर्म फाडून टाकावा, असं त्यांना फार वाटलं. "बरोबर लिही, बाळा," त्या म्हणाल्या आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी फॉर्म मुदतीत गेला.

महिन्याभरात 'नैराश्यमुक्त शाळा' अशी पितळी पाटी आली. माजी नगरसेवक दौलतरावांनी तिचं अनावरण केलं. 'मी आनंदी का आहे' या विषयावर भाषणासाठी राजसीची निवड झाली. ती कुठेही न अडखळता बोलली. पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि उन्मेषरावांनी व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला.

समारंभानंतर मीनल मॅडमनी तिला जिन्याखाली गाठलं. "राजसी, आता माझ्याशी खरं बोल. बरं वाटतं का तुला?"

राजसी छान हसली. "हो मॅडम. आता जमतं मला."

मॅडमनी तिचा हात घट्ट धरला. पुढे काय करायचं, ते मात्र कुठल्याच परिपत्रकात दिलेलं नव्हतं, म्हणून थोड्या वेळाने त्यांनी तो सोडला.

आणि तुम्ही, वाचक हो, त्या शाळेला हसत असाल तर खुशाल हसा. आज जेवताना आपल्या पोराला विचारा, "कसं चाललंय रे?" ताटावरची नजर न काढता तो म्हणेल, "मस्त." तुम्हाला हायसं वाटेल आणि तुम्ही भाजीचा डाव पुढे कराल. अभिनंदन! पाटी दारावर लावायची की हॉलमध्ये, तेवढं ठरवा.