मेश्राम सरांचा न संपणारा खेळ

मेश्राम सरांच्या दाराची घंटी दाबून वाजत नसे. दाराशेजारी एक लाकडी फळी होती. तिच्यावर डावीकडे राज्यं, उजवीकडे राजधान्या आणि खाली लोंबणाऱ्या दोन तारा. एक तार सरांनी त्या दिवशी खूण केलेल्या राज्याच्या खिळ्याला आणि दुसरी बरोबर त्याच्याच राजधानीच्या खिळ्याला टेकवली, तरच घंटी वाजायची. उत्तर चुकलं तर पाहुणा बाहेर. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत दूधवाल्याला सगळ्या राजधान्या तोंडपाठ होत्या. पोस्टमन मात्र पत्रं कंपाउंडवरून आत भिरकावून मोकळा व्हायचा. एकदा सरांचा सख्खा मेहुणा भंडाऱ्याहून आला आणि आसामपाशी अडला. बिचारा समोरच्या घरी चहा पिऊन परत गेला.

"सर, त्यांनी हाक मारली असेल ना?" मी विचारलं.

"मारली ना. मले ऐकू आली. पन हाक मारून मानूस काय शिकते गा?"

आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी शेजारच्या वर्गात गणित. "बाप्पा, खेळून त पाहा!" हे त्यांचं पालुपद. मुलं त्यांच्या तासाला जीव टाकायची. आम्ही मास्तर लोक मात्र त्यांच्या पिशवीतून फासा निघाला की खडू आणायला उठायचो. स्टाफरूममध्ये इतका खडू कधीच लागला नसेल. कारण त्यांचा एक डाव म्हणजे दिवसभराचं काम. त्यांची बायको लीला वारून दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि हे ठाऊक असूनही आम्ही पळायचो. आता लिहिताना लाज वाटते.

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. जिल्ह्याच्या शिक्षक संमेलनात शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. सगळीकडे थर्माकोलचे ज्वालामुखी आणि पुठ्ठ्याचे किल्ले. सरांच्या टेबलावर प्लायवूडचा रेल्वेचा खेळ होता. नागपूरहून निघालेले रूळ वर्धा, बडनेरा करत अकोल्याला जात आणि तिथून वळून पुन्हा नागपूरला. फासा टाकायचा, इंजिन पुढे न्यायचं, त्या स्टेशनचा प्रश्न सोडवायचा. तार बरोबर लागली की टॉर्चचा बल्ब पेटे. नियम एकच विचित्र होता. पुढे गेलेल्यानं मागच्यासाठी थांबायचं.

प्रदर्शनातल्या वहीत न बघताच "उपक्रम स्तुत्य" असं लिहायची आमच्याकडची रीत. पण त्या दिवशी शिक्षणाधिकारी साहेब चक्क खुर्ची ओढून बसले. तीन वेळा बल्ब पेटवला, खूश झाले आणि म्हणाले, "छान! पण हा संपतो केव्हा?"

"संपत नाही, साहेब."

"अहो, तास पस्तीस मिनिटांचा असतो. संपणारा करा. चार वाजता खेळून दाखवा, जिल्ह्यातल्या शाळांना पाठवू."

तीन वाजले होते. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. अकोल्यापुढचा रूळ काळ्या रंगानं पुसला की झालं. मी कुठूनसा ब्रश आणून दिला. सर तो हातात धरून नुसते बसून राहिले.

"काय झालं सर?"

"लीला आजारी होती तवा काढला हा खेळ. पलंगावर बसून खेळता यावा म्हनून. ती मागं पडे, म्हनून थांबायचा नियम. तिले सांगून ठेवलं होतं, डाव अर्धा टाकून जायचं नाही. मंग मी रोज एक ठेसन वाढवत गेलो. जागा सरली त रूळच वळवून देले."

मी ब्रश परत घ्यायला हात पुढे केला.

"तरी गेली," ते म्हणाले. "बडनेऱ्यापाशी होती."

मग खाली वाकून त्यांनी स्वतःच रूळ पुसला. "पोराइले त तास संपल्यावर सुट्टी पायजेच ना," असं म्हणत ब्रश मला परत दिला.

चार वाजता साहेब आले. सर आणि मी समोरासमोर बसलो. माझं इंजिन आधी अकोल्याला पोचलं आणि थांबलं. सरांचंही आलं. शेवटचा प्रश्न होता, पैनगंगा कोणत्या नदीला मिळते. हा माणूस वीस वर्षं तेच शिकवत आला होता. त्यांनी तार गोदावरीला लावली. मग तापीला. मग पूर्णेला. साहेब घड्याळ बघू लागले.

"सर," मी हळूच म्हटलं, "वर्धा."

"माहीत आहे गा," ते म्हणाले. "लावतो ना. घाई काहून करून राहिला?"

थोड्या वेळानं त्यांनी तार लावली. बल्ब पेटला. टाळ्या झाल्या, साहेबांनी पाठ थोपटली, वहीत भरभरून लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. खेळ शाळाशाळांत जाणार होता. पण सरांनी तार सोडली नव्हती.

"सर, सेल उतरेल."

"उतरू दे," ते म्हणाले.

माझी पाचची बस होती. मी बसून राहिलो.