आजोबांची कढत अंघोळ

स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही! सकाळी कढत पाण्याची अंघोळ, संध्याकाळी पुन्हा तीच. जंतुनाशक साबण आणि नायलॉनची घासणी. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात लोकांना ‘पाणी जपून वापरा’ सांगण्यात गेली. निवृत्तीनंतर सगळा वचपा काढला. मी बाथरूममधून उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर येतो, असं बायको म्हणते. म्हणेना बापडी!

सत्तरी उलटली आणि अंगाला खाज सुटली. पाठ, दंड, पोटऱ्या! खाजवलं की पांढरी पूड उडायची.

“मळ!” मी निदान केलं आणि दुपारचीही अंघोळ सुरू केली. खाज वाढली. मग झोपण्यापूर्वी आणखी एक!

त्यातच मुलगी बाळाला घेऊन यायची होती. पहिली नात! कधी एकदा तिला मांडीवर घेतो असं झालं होतं. पण बायकोने फोनवर माझ्या खाजेचं बिंग फोडलं.

“बाबा, ते बरं होईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही!” मुलगी कडाडली.

माझ्यासारख्या धुतल्या माणसाला खरूज? शक्यच नाही! गादीत ढेकूणच असणार. फवारणीवाल्याला बोलावलं. त्याने गाद्या उलट्यापालट्या केल्या.

“एकही नाही काका.”

“लपलेत लेकाचे! मार फवारा!”

वासाने आम्हीच जिन्यात येऊन बसलो. गाद्या गॅलरीत टाकल्या.

“ढेकूण झालेत का हो?” शेजारणीने विचारलं.

“छे छे!” मी कठड्याला पाठ घासत म्हणालो.

ते बघून तिलाही खाजायला लागलं. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत खाजवत होती! गॅलरीगॅलरीत गाद्या, आणि जो तो माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघतोय.

शेवटी बायकोने मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं.

“अंघोळ किती वेळा करता?”

“चारदा!” मी छाती फुगवून सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काका, तुम्ही माणूस आहात की करपलेलं पातेलं? या वयात कातडीतलं तेल आधीच कमी होतं. उरलंसुरलं तुम्ही खरवडून काढताय! दिवसातून एकदा, कोमट पाणी, झटपट. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरता. घासणी फेका. अंग टिपून, ओलसर असतानाच हे मलम चोपडा.”

“पण बाळाला लागण...?”

“कसली लागण? हा नुसता कोरडेपणा! एवढ्या धुण्यात कुठला जंतू टिकणार?”

मी घासणी फेकली, मलम चोपडलं. दिवसागणिक खाज ओसरली. मुलगी आली, बाजारात वांगी निवडावीत तसे माझे दंड उलटसुलट तपासले आणि बाळ मांडीवर ठेवलं. एवढासा ऊबदार जीव! माझे डोळे ओले झाले.

पाठोपाठ नातीने धोतरही ओलं केलं.

“अगं, घे हिला! मला अंघोळ...”

“हलू नका, आत्ता कुठे झोपलीय,” मुलगी कुजबुजली.

“आणि आजची झालीय तुमची!” स्वयंपाकघरातून बायको.

नातीने झोपेतच माझं बोट धरलं. मी तसाच ओलाचिंब बसून राहिलो आणि हळूच म्हणालो, “उद्याचीही राहिली तरी चालेल!”