टिळेकर पाणी बंद करतात

आमच्या शेजारचे टिळेकर लॉनवर पालथे पडून जमिनीला कान लावतात. इथे ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात त्यांना पहिल्यांदा तसं पाहिलं तेव्हा पलीकडच्या गोऱ्या बाईंनी थेट अँब्युलन्स बोलावली होती. अँब्युलन्स आली, टिळेकर उठले, गुडघे झटकले आणि त्या लोकांना मराठीतूनच म्हणाले, "काही नाही हो, तिसऱ्या लाईनीत हवा धरलीय."

टिळेकर सोलापूरकडच्या एका नगरपालिकेत व्हॉलमन होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातातल्या चावीवर. आता ते इथे मुलीकडे राहतात. इथे नळाला चोवीस तास पाणी. असा माणूस करणार काय? तर त्यांनी लॉनखालचे स्प्रिंकलर ताब्यात घेतले. आधी मुलीचे, मग त्या बाईंचे, मग आमचे.

इथे मे म्हणजे थंडीची सुरुवात, गवत सकाळी हिमाने पांढरं होतं. पाईपात पाणी राहिलं तर ते गोठतं आणि व्हॉल तडकतो. म्हणून थंडीच्या आधी मुख्य कॉक बंद करायचा, पाईप रिकामे करायचे आणि उघड्यावरचा व्हॉल काहीतरी गुंडाळून झाकायचा. एवढंच. पण टिळेकर कॉकला हात लावण्याआधी फाटकापाशी उभे राहून ओरडतात, "पाणी जाणार! भरून घ्या!" वास्तविक जातं ते फक्त लॉनचं. त्या बाई कुंपणावरून "स्वीट ॲज, मिस्टर टिली!" म्हणतात, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम मस्त', आणि आमची ही हातातलं काम टाकून पातेलं भरून ठेवते. कशाला भरतेस म्हटलं तर म्हणते, "ते एवढं सांगतायत ना." मी लग्नापासून किती काय सांगतोय, त्यावर कुणी कधी वाटीसुद्धा भरलेली नाही.

पण तेही मी चालवून घेतलं असतं. माझं खरं दुखणं वेगळं आहे आणि ते सांगायची मला लाज वाटते. माझे वडील टिळेकरांचे झाले.

आई गेल्यावर अप्पांना मी नाशिकहून इकडे आणलं. ते माझ्याशी दिवसाला तीन गोष्टी बोलतात. "हो", "नको" आणि "दार लाव, गार येतंय." मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. दिवसभर गोळ्या मोजून घरी आलो की त्यांच्या शेजारी बसून विषय काढतो. क्रिकेट, गुडघे, नाशिकची द्राक्षं. हो. नको. आणि हाच माणूस मे लागल्यापासून रोज सकाळी नऊला कानटोपी घालून, हातात पाना घेऊन टिळेकरांच्या मागे! सुट्टीच्या दिवशी मी खिडकीतून बघायचो. अप्पा हसत असायचे, तेही खांदे हलवून. इतकं काय बोलत असतील? एकदा मी बाहेर जाऊन उभा राहिलो, तर दोघंही गप्प.

"या डॉक्टर," टिळेकर म्हणाले. मी डॉक्टर नाही हे त्यांना शंभरदा सांगून झालंय. "पाण्याला घाई चालत नाही बघा. आज फक्त पहिली लाईन ऐकायची."

अप्पा म्हणाले, "तू थंडीत कशाला आलास?"

बाकी दोन्ही घरांचं केव्हाच उरकलेलं, आमच्या मोजून चार लाईनी, आणि तीन आठवडे झाले तरी काम चालूच. आज झाकण उघडायचं, उद्या झाकण पुसायचं. व्हॉलला मफलर गुंडाळावा की गोधडी, यावर दोन दिवस चर्चा. माझा नुसता जळफळाट. शेवटी एका शनिवारी टिळेकर मुलीबरोबर भाजीला गेलेले पाहून मी भाड्याने हवेचा कॉम्प्रेसर आणला. फोनवर व्हिडिओ बघत कॉक बंद केला, एकेक लाईन फुंकून काढली, व्हॉलला जाड फोम बांधला. घड्याळ लावून अर्धा तास.

आत येऊन ऐटीत म्हणालो, "अप्पा, झालं सगळं. आता तुम्हाला थंडीत बाहेर जायला नको."

अप्पांनी हातातला पाना टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाले.

सोमवारी आणि मंगळवारी अप्पा कानटोपी घालून सोफ्यावर बसून राहिले. बुधवारी मला सुट्टी होती, तेव्हा टिळेकर आले. मी त्यांना मागे नेऊन काम दाखवलं. त्यांनी वाकून फोम चाचपला.

"एक नंबर केलंत."

आपण जिंकलो असं वाटून मी विचारलं, "काका, खरं सांगा. अर्ध्या तासाचं काम तुम्हाला तीन आठवडे पुरतं कसं?"

"अर्धा तास कसला, वीस मिनिटं," टिळेकर म्हणाले. "पण काम संपल्यावर तुमचे अप्पा कशाला येतील हो? पहिल्या दिवशी झाकण पुसता पुसता ते तुमच्या आईंबद्दल बोलायला लागले. कशा भांडायच्या, कशा हसायच्या. म्हटलं, चालू दे, पुसू उद्या परत. आणि माझं तरी काय? पोरगी सातला जाते, सहाला येते. दिवसभर मी त्या पाईपांशीच बोलायचो."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त हेवा वाटला. आईबद्दल अप्पा माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. आणि मीही कधी विचारलं नव्हतं. क्रिकेट विचारलं होतं, गुडघे विचारले होते.

गुरुवारी कामावर जाण्याआधी मी मागे गेलो, फोम सोडला आणि मुख्य कॉक उघडून चारही लाईनींत पाणी भरून टाकलं. मग आत आलो.

"अप्पा, माझं काहीतरी चुकलंय. पाईपात पाणी राहिलंय. टिळेकरांना बोलावता का?"

अप्पा ताडकन उठले. "मला वाटलंच होतं! सहावीत सायकलची चेन बसवायला गेलास आणि अख्खं चाक काढून ठेवलंस. तुझी आई तेव्हाच म्हणाली होती, या पोराच्या हातात पाना देऊ नका!"

"अजून काय म्हणायची आई?" मी विचारलं.

पण तोवर अप्पा फाटकाबाहेर जाऊन टिळेकरांना हाका मारत होते.