नॉर्वेची रंगीत तालीम

चालायचं कसं, हे मला कुणी शिकवू नये! नाशिकला कॉलेजात असताना मी ब्रह्मगिरीला अकरा वेळा गेलोय. त्यातल्या दोन वेळा तर अगदी वरपर्यंत!

त्यामुळे विभानं नॉर्वेच्या पायी सहलीचं नाव काढलं, तेव्हा मी जागचा हललोसुद्धा नाही. म्हणजे सोफ्यावरच होतो. जूनमध्ये आठ दिवस पायी फिरायचं. डोंगर, दलदली, रेनडिअर, आणि नशिबात असेल तर एल्क नावाचं घोड्याएवढं हरीण. विभा इथे सौदीत, यान्बूच्या इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवते. गेली सोळा वर्षं ती फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढतेय, आणि प्रत्यक्षात तिनं पाहिलाय तो फक्त आमच्या रिफायनरीचा किनारा.

सहलीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता : ‘पाणथळ जमिनीवर चालण्याचा अनुभव?’ मी लिहिलं, ‘भरपूर.’

विभानं आधी फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

“कुठला हो अनुभव?”

“घेऊ की! जूनला अजून चार महिने आहेत!”

“हे बघा, तुम्ही तिथे मध्येच बसकण मारलीत तर सगळ्या ग्रुपला परत फिरावं लागेल. आधी इथे दहा किलोमीटर चालून दाखवा. नाहीतर मी आणि इरा जातो, तुम्ही बसा घरी.”

म्हणजे माझी इज्जत आणि माझं तिकीट, दोन्ही पणाला लागलं होतं!

शुक्रवारी सकाळी आम्ही गावाबाहेर खारफुटीच्या किनाऱ्यावर पोचलो. फेब्रुवारीतली हवा, बावीस डिग्री. मी मात्र नॉर्वेच्या तयारीनं निघालेलो. आतून लोकरीचे थर्मल, वर जाकीट, गुडघ्यापर्यंत बूट आणि पाठीवर सॅक. सॅकमध्ये वजनासाठी बासमतीची दहा किलोची पिशवी आणि पाण्याचे दोन कॅन. पहिल्याच किलोमीटरला मी इडलीसारखा वाफेवर शिजायला लागलो.

“बाबा, यू आर स्मोकिंग,” इरा म्हणाली. ती चौदा वर्षांची आहे आणि बापाशी इंग्रजीतच बोलते.

“ही नॉर्वेची हवा आहे, बेटा!”

तिसऱ्या किलोमीटरला विभा थांबली. तिवरांच्या पलीकडे, उथळ पाण्यात, तीसेक फ्लेमिंगो एका पायावर उभे होते. गुलाबी, शांत, जणू कुणी रांगेनं वाळत घातलेत. विभा हळूच म्हणाली, “किती सुंदर! इथूनच बघू या हां. पुढे चिखल दिसतोय.”

इथूनच? आणि पाणथळ जमिनीचा अनुभव कधी घ्यायचा? फॉर्मवर ‘भरपूर’ लिहिलंय ना!

“तंत्र असतं त्याचं,” मी म्हणालो. “काठीनं आधी जमीन चाचपायची, मग पाऊल टाकायचं. बघा!”

काठी टेकवली. घट्ट लागली. पाऊल टाकलं. तेही घट्ट! मी वळून विजयी मुद्रेनं दोघींकडे पाहिलं आणि न बघताच पुढची चार पावलं टाकली.

चौथं पाऊल परत आलं नाही.

आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा. उजवा पाय काढायला डावा दाबला, तर डावा त्याच्याही खाली! पाठीवरचा बासमती मला वरून शिक्का मारल्यासारखा दाबत होता. बघता बघता मी मांडीपर्यंत आत. शेजारच्या बिळातून एक खेकडा बाहेर आला, त्यानं मला नीट पाहिलं आणि तो परत आत गेला.

“अहो, ती सॅक काढा आधी!” विभा ओरडली.

“सॅक काढायची नाही! तालीम म्हणजे तालीम!”

“बाबा, यू आर सिंकिंग!”

आता मात्र मी सॅक काढली. ती बाजूला पडली आणि माझ्या डोळ्यांदेखत शांतपणे चिखलात बुडाली. दहा किलो बासमती! माझे पाय तसूभरही हलेनात. गंमत संपली होती. पहिल्यांदाच वाटलं, आपण इथून निघणारच नाही की काय?

विभानं फोन लावला तौकीरभाईंना. तौकीरभाई मूळचे श्रीवर्धनचे, यान्बूत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. इथल्या मराठी माणसाचं काहीही अडो, पहिला फोन त्यांनाच. पण त्या किनाऱ्यावर रेंज जेमतेम एक काडी.

“तौकीरभाई, हे गेले हो!” विभा कळवळून ओरडली. “चिखलात! मांडीपर्यंत आत गेले! दोर घेऊन या!”

पलीकडे पोचलं ते फक्त पहिलं वाक्य.

“या अल्ला! वहिनी, काय बोलताव!” एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. विभानं लगेच ठिकाण पाठवलं, मग रेंज पूर्णच गेली. आम्ही निर्धास्त. तौकीरभाईंना कळलंय, येतीलच दोर घेऊन.

तेवढ्यात देवानं पिकअप पाठवली. पुढे पांढऱ्या दाढीचे एक बदू, म्हणजे वाळवंटातले मेंढपाळ आजोबा, मागे दोन शेळ्या. आजोबा उतरले, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

“लेश?” त्यांनी विचारलं. म्हणजे, का?

माझं अरबी साइटवरचं. “नॉर्वे!” मी म्हणालो. “ट्रेनिंग! नॉर्वे!”

आजोबांनी विचार केला. “नॉर्वेत जमीन नाही?”



आजोबांनी पिकअपमधून बसायचा मोठा गालिचा काढला आणि चिखलावर पसरला. मग दोराचं एक टोक गाडीला बांधून दुसरं टोक घेऊन ते येणार, तर विभानं त्यांच्या हातातून दोर घेतला. ओढणी कमरेला खोचली, गालिच्यावर पालथी झोपली आणि पालीसारखी सरपटत माझ्यापर्यंत आली! माझ्या काखेखालून दोर घालून तिनं पक्की गाठ मारली.

“तुला हे कसं येतं?”

“महिनाभर व्हिडिओ बघतेय मी. तुम्ही फक्त बूट बघत होतात. आता गप्प पडा आणि पाय सायकलसारखे हलवा.”

“यल्ला!” आजोबा गरजले. पिकअप निघाली. आधी काहीच नाही. मग ‘प्पच्च’ असा आवाज आला, फ्लेमिंगोंचा अख्खा थवा उडाला आणि मी बाटलीच्या बुचासारखा बाहेर आलो. मी आलो. बूट आले नाहीत. इलॅस्टिकची पँट आणि आतलं थर्मलही आलं नाही.

“खलास!” आजोबांनी तोंड फिरवलं. इरानं तर डोळेच मिटून घेतले. मला त्याच गालिच्यात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं आणि पिकअपमध्ये शेळ्यांच्या शेजारी आडवं केलं. उठून बसायचं त्राणच नव्हतं. दोघी चिखल धुवायला पाण्यावर गेल्या, आजोबा घरी उशीर होईल असं कळवायला रेंज शोधत टेकाडावर चढले.

आणि तेव्हा गाड्या आल्या. एक, दोन, पाच... मी अकरापर्यंत दारांचे आवाज मोजले.

“ते बघा! गाडीत ठेवलाय!” हा तौकीरभाईंचा आवाज. मग हुंदका. “गालिच्यात गुंडाळलाय वो चारुभाऊला! परवा तर दुकानात चहा पिऊन गेला!”

माझ्या लक्षात आलं, यांना मी मेलोय असं वाटतंय! मी तोंड उघडणार, एवढ्यात दुसरा आवाज आला. आमच्या प्लांटचे जनरल मॅनेजर, विजयकुमार साहेब!

“चारुदत्तसारखा इंजिनिअर पुन्हा होणे नाही,” साहेब जड आवाजात म्हणाले. “सगळा प्लांट त्याच्या खांद्यावर होता.”

आता मला सांगा, सतरा वर्षांत ज्या माणसानं माझ्या तोंडावर ‘बरं’ याच्यापुढे काही म्हटलं नव्हतं, तो हे बोलत असताना मध्येच उठणं उद्धटपणाचं झालं नसतं? मी श्वास रोखून पडून राहिलो. चुकलंच माझं. पण दोनच मिनिटं!

“मी त्याला या वर्षी सीनियर मॅनेजर करणार होतो,” साहेब म्हणाले. “नशीब!”

गालिच्याच्या आत माझं काळीज ढोलासारखं वाजायला लागलं. आणखी काय काय करणार होते, हे ऐकायला मी कान टवकारले. नेमका तोच कान गालिच्याबाहेर होता. शेळीनं तो तोंडात धरला आणि चावायला सुरुवात केली.

“आईऽऽ गं!” मी उठून बसलो.

पुढचं वर्णन अवघड आहे. तौकीरभाईंच्या बेगम फरहानाभाभी किंचाळल्या. कुणीतरी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागलं, कुणीतरी रामरक्षा. तौकीरभाई दोन पावलं मागे गेले, मग धावत येऊन त्यांनी मला चिखलासकट मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हा मात्र मला माझी त्या दोन मिनिटांची मनापासून लाज वाटली.

साहेब तेवढे पांढरेफटक उभे होते. मी गालिचा सावरत विचारलं, “सर, ते सीनियर मॅनेजरचं... खरंच?”

साहेबांनी घाम पुसला. “मिस्टर चारुदत्त, ते मी त्या परिस्थितीत बोललो. परिस्थिती आता बदलली आहे.”

तोवर विभा आली. एवढी गर्दी बघून ती आधी गोंधळली, तौकीरभाईंकडून सगळं ऐकलं आणि मग सावकाश माझ्याकडे वळली.

“म्हणजे सगळे रडत असताना तुम्ही जागे होतात?”

मी शेळीकडे बोट दाखवलं. उपयोग झाला नाही.

 घरी पोचल्यावर तिनं फॉर्म काढला, माझं ‘भरपूर’ खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘अनुभव आहे. वाईट.’ मग म्हणाली, “याल तुम्ही. पण पुढे मी चालणार. मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेवायचा. एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. कबूल?”

“कबूल!”

आणि जूनमध्ये आम्ही खरंच जाऊन आलो! आठ दिवस, नव्वद किलोमीटर, एकदाही रुतलो नाही. विभानं धुक्यातून उतरणारे रेनडिअर पाहिले, दलदलीत उभा असलेला एल्क पाहिला, डोंगरांच्या कुशीतलं ते फळ्यावरचं निळं पाणी पाहिलं आणि बराच वेळ रडली. इरानं चारशे फोटो काढले.

लोक मला विचारतात, नॉर्वे कसा आहे? मी सांगतो, अप्रतिम! खरं सांगायचं, तर मला नक्की माहीत नाही. आठही दिवस मी विभाच्या टाचा बघत होतो.