आपोआप हलणाऱ्या बाणाचा बंदोबस्त

जे काम करताना कुणी दिसत नाही ते काम झालेलंच नसतं, या तत्त्वावर आपल्याकडच्या सगळ्या संस्था भक्कम उभ्या आहेत. दौंड तालुक्यातली एक दूध संस्था तर विशेषच भक्कम. तिथल्या क्लार्क राजश्रीताई बाळंतपणानंतर शिरूरच्या घरूनच संस्थेचा कॉम्प्युटर चालवायच्या. त्यासाठी त्यात एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. ताईंनी शिरूरला माऊस हलवला की संस्थेच्या स्क्रीनवर बाण हलायचा. चेअरमन हनुमंतआबांनीच याला मंजुरी दिली होती. (घरून काम म्हणजे सुट्टीच, पण सभ्य भाषेत, असा त्यांचा समज होता.)

एके सकाळी आबा कॉम्प्युटरवर पत्ते खेळत असताना बाण आपला आपण चालू लागला. त्यानं दुधाची फॅट नोंदवली, कालची चूक दुरुस्त केली आणि आबांचा डाव मिटवला. शेवटची बाब गंभीर होती.

संचालक मंडळ बसलं. मॉनिटरला लिंबू-मिरची बांधण्यात आली. (बाणाचा वेग किंचित वाढल्याचं निरीक्षण नोंदवलं गेलं.) शेवटी आबांनी ताईंना फोन लावला.

"ताई, कॉम्प्युटरात कुणीतरी शिरलंय."

"आबा, ती मीच हाय."

"तुमी तर शिरूरला."

"व्हय. इथूनच."

"मग आत कोण हाय?"

ताईंनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मांडीवरचं बाळ चुळबुळ करू लागलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बंदच करायचं असंल तर कमांड सांगते. ती लिहायची काळी खिडकी स्क्रीनवर उघडा. सॉफ्टवेअरचं नाव लिहा. पुढं किल."

"किल म्हंजी?"

"ठार."

आबांनी सचिवांना दार लोटून घ्यायला सांगितलं.

"आता विसर्ग, मग एक."

"विसर्ग मराठीतला का इंग्रजीतला?"

आबा चुकीचं लिहीत, ताई शिरूरहून ते पुसत.

"ताई, ते पुसतंय. लई चिवट हाय."

"मीच पुसतीय, आबा. एक एल कमी पडला."

"त्याला कसं कळलं?"

अखेर ताईंनीच सगळी कमांड लिहिली आणि आबांना फक्त एंटर दाबायला सांगितलं. शिरूरच्या स्क्रीनवरची संस्थेची खिडकी मिटली. स्वतःच स्वतःला घराबाहेर काढून कडी लावल्यासारखं ताईंना क्षणभर वाटलं. मग बाळ रडलं.

तिकडं पेढे वाटले गेले. त्या आठवड्यात फॅटची एकही नोंद चुकली नाही, कारण एकही झाली नाही. दूध घालणारे दारात जमले, तेव्हा आबांचा पुन्हा फोन आला.

"ताई, काम का थांबलंय?"

"करणारीला आपण ठार केलं, आबा."

आबांनी मॉनिटरची लिंबू-मिरची हळूच सोडली. मग जरा ओशाळून म्हणाले, "लई कामाची होती. तिच्या जागी तुमी याल का?"

वाचकांनी खुशाल हसावं. मात्र आपल्या घरी सकाळचा चहा आपोआप पुढ्यात येत असेल आणि ओला टॉवेल आपोआप दोरीवर जात असेल, तर त्या प्रकाराचा बंदोबस्त करायला जाऊ नये. तो फार लवकर होतो.