पाचशे म्हणणारा भिवा

एका जंगलात, बाळांनो, औषधी मुळ्यांची एक गुहा होती. गुहेला होती खिडकी, आणि खिडकीत बसायचं भिवा नावाचं एक खवलेमांजर.

खिडकीवर फार बोलायचं नाही, नुसता आकडा सांगायचा, अशी तिथली जुनी रीत. दोनशे म्हणजे मिळालं, घ्या. तीनशे एक म्हणजे मुळी नदीपलीकडच्या गुहेत हलवली, तिकडे जा. चारशे चार म्हणजे असली मुळी आमच्याकडे नाहीच. आणि पाचशे म्हणजे मुळी आहे, पण आमच्याच घोळामुळे देता येत नाही. भिवा पाचशेसुद्धा न लाजता सांगायचा. चूक आपली असेल तर आपली म्हणावी, एवढीच त्याची अक्कल होती, बिचाऱ्याची.

पण रांग काही सरकत नव्हती. का सरकावी? प्रत्येक गिऱ्हाइकापुढे आधी मोर नाचायचा. मग कोकिळा स्वागतगीत म्हणायच्या. मग मुळी बांधायची सागाच्या पानात, आणि पानावर महाराज प्रचंडकेसरींचं आयाळीसकट चित्र. आयाळ रंगवायलाच निम्मी सकाळ जायची.

महाराजांनी वेग वाढवायला सल्लागार नेमला. चक्रवाक. तो दर हिवाळ्यात परदेशातून यायचा, त्यामुळे हुशार असणारच, हे तुम्हालाही पटेल. भिवाने त्याला भीत भीत सुचवलं की नाच, गाणं आणि चित्र काढून टाकलं तर काम चुटकीसरशी होईल.

चक्रवाकाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. महाराजांचं चित्र काढून टाकायचं? त्याने तीन दिवस अभ्यास केला आणि सांगितलं, की पुडीत सगळ्यात जड आहे ती मुळी. ती शोधायला आत जावं लागतं, उकरावी लागते, धुवावी लागते. तेव्हा पुडीतून मुळी काढून टाका. आणि आकडा मात्र सगळ्यांना एकच सांगा, दोनशे. ऐकायला बरं वाटतं.

झालं! रांग पूर्वीपेक्षा भराभरा सरकू लागली. दरबारात टाळ्या पडल्या.

एके दिवशी तारा हरणी धापा टाकत आली. तिच्या पाडसाला ताप चढला होता, दोन दिवस त्याने डोळे उघडले नव्हते. मोर नाचला, कोकिळा गायल्या, भिवाने दोनशे म्हणून पुडी दिली. ताराने ती तिथेच सोडली.

"भिवादादा, यात मुळी नाही."

भिवाने मान खाली घातली. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. मग तो म्हणाला, "पाचशे, ताराताई. चूक आमची आहे. थांबा जरा."

तो आत गेला. उकरलं, शोधलं, धुतलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत रांग ताटकळली. पण मुळी मिळाली, आणि संध्याकाळी पाडस उठून दूध प्यायलं.

दुसऱ्या दिवशी भिवाला दरबारात उभं केलं.

महाराज म्हणाले, "मुळी दिलीस, ते एक वेळ चालेल. पण पाचशे का म्हणालास?"

"कारण चूक आपलीच होती, महाराज."

असं उघड बोलतात का कुठे? भिवाला त्याच क्षणी खिडकीवरून काढलं आणि टेकडीपलीकडे हाकलून दिलं. त्याच्या जागी पोपट बसवला. त्याला दोनशे सोडून दुसरा शब्दच येत नव्हता, त्यामुळे निवड बिनविरोध झाली.

महिन्याभराने चक्रवाकाने महाराजांना गुहेपाशी आणलं. मोर एकटाच नाचत होता. पोपट कुणी नसतानाही दोनशे, दोनशे म्हणत होता. समोर एकही गिऱ्हाईक नव्हतं.

"पाहिलंत, महाराज?" चक्रवाक म्हणाला. "वेग इतका वाढला, की रांगच उरली नाही."

महाराजांनी खूश होऊन त्याच्या गळ्यात हार घातला. टेकडीपलीकडे एका वारुळाशेजारी भिवा मुळ्या उकरत बसला होता, आणि त्याच्यापुढची रांग थेट ओढ्यापर्यंत गेली होती. पण तिकडे पाहायला महाराजांना मान वळवावी लागली असती, आणि गळ्यात हार असताना मान वळवणं बरं दिसत नाही.

तात्पर्य: चूक दुरुस्त करायला वेळ लागतो, बाळांनो. चूक सांगणाऱ्याला काढायला अजिबात लागत नाही. तेव्हा ज्याला वेग हवा, त्याने काय करावं ते सुज्ञांना सांगणे न लगे.