म्हातारी रुसली

"ती म्हातारी उडवा!" साहेबांनी फर्मान सोडलं आणि लेखकाच्या हातातला चहा पँटवर सांडला.

म्हातारी म्हणजे कंपनीच्या नव्या व्हिडिओ गेममधली, किल्ल्याच्या दाराशी बसणारी. दार उघडण्याआधी ती खेळणाऱ्याला आपल्या हरवलेल्या मुलाची गोष्ट सांगायची. लेखकाने ती जीव ओतून लिहिली होती. पण चाचणीला आलेला जो तो बटण दाबून गोष्टीला फाटा द्यायचा आणि तलवार परजत आत शिरायचा.

"एकानं तरी पूर्ण ऐकू दे हो," लेखक काकुळतीला आला.

"संध्याकाळी मी स्वतः खेळतो. कंटाळा आला की म्हातारी गेली!"

लेखकाने प्रोग्रामरबाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. बाईंना दया आली. "बटण काढता येणार नाही. पण म्हातारीला रुसायला लावते," त्या म्हणाल्या. कुणी मध्येच बटण दाबलं, की दार बंद ठेवून म्हातारीने गोष्ट पुन्हा सुरू करायची.

संध्याकाळी साहेब खेळायला बसले. सवयीने अंगठा बटणावर पडलाच.

"मध्येच तोडू नये, बाळा. पहिल्यापासून सांगते," म्हातारी म्हणाली.

साहेब हट्टाला पेटले, म्हातारीही. दर वेळी मुलगा घरातून निघून नदीपर्यंत पोचायचा, तेवढ्यात साहेबांचा अंगठा वळवळायचा. मागे सगळं ऑफिस तोंडावर हात धरून उभं होतं.

"हा काय छळ आहे! लेखक, तुम्ही बसा. तुम्हीच ऐकून दाखवा!"

लेखक ऐटीत बसला. नदीपर्यंत झकास चाललं. पुढचं वाक्य त्याला लिहितानाच लंगडं वाटलं होतं. ते चारचौघांत ऐकवेना, म्हणून त्याने चटकन बटण दाबलं.

"मध्येच तोडू नये, बाळा..."

ऑफिसात हास्याचा स्फोट झाला. लेखकाचं तोंड एवढंसं झालं. संपलं सगळं, असं म्हणून तो उठला.

साहेब मात्र हसत नव्हते. "मघापासून तो पोरगा नुसता नदीपर्यंत जातोय," ते वैतागून म्हणाले. "पुढं काय झालं त्याचं? आईकडे परत आला की नाही?"

लेखकाला एकदम भरून आलं. कुणीतरी हे विचारावं म्हणून तर सगळा खटाटोप होता. उत्तर अगदी जिभेवर आलं, पण त्याने ते गिळलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"मध्येच विचारू नये, साहेब. पहिल्यापासून सांगतो."